हजेरी

पूर्णा जंक्शनच्या शेडमध्ये
चौथ्या रुळावर उभं असायचं ते,
कपाळ सपाट, पोटाशी पाइपांचा गुंता,
बाकीच्या इंजिनांशी सोयरीक नसल्यासारखं.
गफूर मिस्त्री म्हणायचे, फौजी.
"लढाई के वास्ते बनाया इसकू.
दो साल चल्या तो बस, ऐसा हिसाब था.
बनानेवाले भूल गए,
ये चलताच रह्या."

मी तेव्हा क्लीनर, वय सतरा.
चिंध्या, घासलेट,
आणि तळहाताच्या रेषांत बसलेलं काळं
जे लग्नातल्या हळदीनंही निघालं नाही.

त्यानं तोफा ओढल्या असतील,
आसामात, ब्रह्मदेशाच्या हद्दीला.
आम्ही पाहिलं ते मीठ, सिमेंट, सरकी,
हिंगोलीच्या कापसाच्या गाठी,
आणि एका पौषात
माळेगावच्या जत्रेहून परतणारी गाढवं,
वाघिणीच्या फटीतून कान बाहेर काढून.
नरसय्या ड्रायव्हर फावड्यावर वांगं भाजायचा
आणि म्हणायचा, या भट्टीला घाई फार,
वांगं करपतं.
शिट्टी मात्र परमुलखाचीच राहिली:
एका दमात तीन सूर, मधला घोगरा.
लिंबगावला वाजली की पूर्णेत कळायचं
कोण येतंय.

एका उन्हाळ्यात नदी आटली, टाकी कोरडी,
मालगाड्या रद्द.
बसून काय करता, म्हणून मिस्त्रींनी
रंग खरवडायला लावला.
काळ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली मातकट, तो फौजेचा.
आणि कॅबच्या छताला, आतून,
खिळ्यानं ओढलेल्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
दोनदा मोजल्या. दोनशे बारा.
शेवटचा जुडगा अर्धाच,
दोन उभ्या, पुढं काही नाही.

राखेच्या खड्ड्यावर केवळाबाई यायची
खंगर वेचायला, टोपलं घेऊन.
तिचा माणूस लढाईत रूळ टाकायला गेला होता,
मुकादमाच्या मागं, अकरा जणांत.
आठ परतले.
त्याचं नाव ती घेत नसे.
नवऱ्याचं घ्यायचं नसतं म्हणून, की कसं,
विचारायची आमची हिंमत नव्हती.
कुंकू लावायची, बारकं, दिसेल न दिसेल असं.

गप्पांच्या ओघात मी रेघांचं बोलून गेलो.
तिनं टोपलं खाली ठेवलं.
"हजेरी असंल ती," म्हणाली.
"मुकादम अशीच मांडत व्हता. किती हायती?"
सांगितलं.
ओठ हलले, बोटं पदराआड चालली.
"सात महिने अन् दोन दिस.
म्हंजी तितके दिस व्हता."

कुणा गोऱ्या फायरमननं
घरी जायचे दिवस मोजले असतील,
खेपा असतील, बाटल्या असतील,
सगळं जिभेवर आलं होतं माझ्या.
तिनं टोपलं उचललं.
मी चिंधी पिळत राहिलो.

त्या दिवसापासून ती फक्त फौजीची खंगर न्यायची.
दुसऱ्या इंजिनाची ढीगभर पडली असली तरी
तिला शिवायची नाही.
मिस्त्रींच्या कानावर घातलं.
ते बराच वेळ बिडी शोधत राहिले, मग म्हणाले,
"ऊपर पेंट नक्को मारना."
दर रंगकामाला सगळं काळं व्हायचं,
छत तेवढं तसंच.

रूळ रुंद करायचं ठरलं
तेव्हा केवळाबाईला जाऊन चार वर्षं झाली होती.
गॅसकटरवाले जालन्याहून आले,
फौजीला नऊ दिवस लागले.
दोन वर्षांच्या बोलीवर आलेल्याला.
मी छताचा पत्रा मागितला.
"वजनावर मिळंल, काका."
खिशात होतं तेवढ्यात हातभर तुकडा आला,
त्यावर पस्तीस रेघा.
हिनं तो पाण्याच्या रांजणावर झाकण ठेवला,
खालची बाजू खाली करून.

शेवटच्या दोन उभ्या ज्या तुकड्यावर होत्या
तो ट्रकमध्ये आधीच चढला होता,
जालन्याच्या भट्टीकडं.
तिथं सळई बनते.
कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असेल.